प्रुदेन्सियाचं घर

प्रुदेन्सियानं शेजारच्या दोन्या कासिल्दाचा, म्हणजे कासिल्दाबाईंचा, कोंबडा गिळला, आणि माझ्या घरावर संकट आलं. कोंबडा साधासुधा नव्हता. कांदेलारिया माउलीच्या जत्रेला कापायचा म्हणून बाईंनी त्याला मका आणि शिळ्या तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, घालून पोसला होता. त्याचं नावही जनरल ठेवलं होतं. ज्याला कापायचं त्याचं नाव कशाला ठेवावं, हे मला कधी कळलं नाही. पण हे मी त्या दिवशी बोलले नाही. बाई कुंपणापाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि माझ्या पडवीत प्रुदेन्सिया, माझी पाळलेली अजगरीण, पोटात हा एवढा फुगवटा घेऊन गाढ झोपली होती. नाकारायला जागाच नव्हती.

"लिंदा, तुझ्या बाईनं माझा जनरल खाल्ला."

"मी भरून देते, दोन्या कासिल्दा. दुसरा कोंबडा आणून देते."

"कोंबडा नको मला. आज कोंबडा गेला, उद्या कुणाचं तान्हं जाईल. जत्रेच्या आत तिला कडीकुलपात घाल. नाही घातलीस, तर माझा पोरगा जत्रेला घरी येतोय, आणि त्याचा कोयता दाराआडच असतो. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

बाई नुसतं बोलत नाहीत. आणि पोरगा नसता तरी जत्रा होतीच. आमच्या नदीकाठच्या गावात कांदेलारियाला माणसाला माणूस घासतं. रस्त्यात बैल सोडतात, पोरं पिऊन त्यांच्यामागे धावतात, आणि अशा वेळी एखादी मासाकुआता, म्हणजे आमच्याकडची अजगरीण, रस्ता ओलांडताना दिसली तर तिचे तुकडे होतात. मी एकदा पाहिलं आहे. काठीला टांगून नाचवत होते. कुणी म्हणेल, मग रानात सोडून दे. पण प्रुदेन्सिया अंगठ्याएवढी जाड असताना माझ्या वेताच्या भाऱ्यातून निघाली, आणि माणसांच्या वासातच वाढली. तिला रानात सोडली तर पहिलं घर दिसेल तिथे ती पाहुणीसारखी आत शिरेल.

मी झुलत्या खुर्च्यांना वेताच्या बैठका विणते. वेत म्हटलं की उंदीर आले. प्रुदेन्सिया यायच्या आधी मी दिवसभर विणायचे आणि ते रात्रभर कुरतडायचे. ती आल्यापासून माझ्या पडवीत एक शेपूट दिसलेलं नाही. पण नुसतं तेवढंच कारण सांगितलं तर ते खोटं होईल. माझ्या घरात दुसरं कुणी नाही. मी काम करताना ती माझ्या पायापाशी येऊन पडते, तिचं वजन पावलावर येतं, आणि मला बरं वाटतं. तिला मरू द्यायची नाही, एवढं मी ठरवलं. कोंडायचीच असेल तर मी कोंडीन, पण नीट, तिला जगता येईल अशा जागेत.

आधी मी मला येतं ते केलं. चांगला जाड वेत घेतला आणि तिच्यासाठी भलामोठा पिंजरा विणला. वीण इतकी घट्ट होती की बोट शिरत नव्हतं. सकाळी पाहते तर पिंजऱ्याच्या कोपऱ्याला डोक्याएवढं भोक, आणि प्रुदेन्सियाबाई वर आढ्याला वेटोळं घालून बसलेल्या. माझा थोरला भाऊ निकानोर तेवढ्यात कॉफी प्यायला आला. त्यानं पिंजरा बघितला आणि खोकत खोकत हसला.

"लिंदे, ही टोपली तोर्तिया झाकायला विणलीस की काय? अगं, अजगरीण आहे ती."

"हसतोस काय? मला येतं ते मी केलं. तुला सुतारकाम येतं, तू कर."

"त्या भुताटकीसाठी? मी?"

"हो, तूच. कॉफी फुकट मिळते का इथे?"

निकानोर म्हणजे गावातला जुना सुतार. आमचं गावच मुळी सुतारांचं, आणि आमच्या सुतारांना एकच लाकूड माहीत: सेद्रो. लाल, हलकं, वासाचं. खुर्ची, कपाट, पाळणा, दार, सगळं सेद्रोचं. दुसरं लाकूड चुलीत घालतात. निकानोर लहान असल्यापासून त्या भुश्यात वाढला, आणि बायको गेल्यापासून कारखान्यातच राहतो, माळ्यावर खाट टाकून. त्याच्या खोकल्यावरून लोक सांगतात तो कुठल्या गल्लीत आहे ते. त्याला विचारलं तर म्हणतो, नदीची हवा बाधते.

दुसऱ्या दिवशी तो सुतळी घेऊन माप घ्यायला आला. हात लावणार नाही म्हणाला. मग मीच सुतळीचं एक टोक प्रुदेन्सियाच्या मानेपाशी धरलं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं. ती सरळ पडली तर शपथ. शेपटीकडून मोजायला लागलो की ती डोक्याकडून वळायची. निकानोर घामाघूम झाला. "जन्मात इतकं वळवळणारं गिऱ्हाईक पाहिलं नाही," म्हणाला. शेवटी आम्ही तिच्या प्रत्येक वळणावरून सुतळी फिरवली, तिथे गाठ मारली, आणि मग ती ताणून पडवीच्या भिंतीला लावली. भिंत जवळजवळ संपली.

"हिला पेटी नको, खोली पाहिजे," निकानोर म्हणाला. पण त्याचे डोळे बदलले होते. कठीण काम समोर आलं की तो असा होतो, त्याला मग जेवणाचीही शुद्ध राहत नाही.

मी कारखान्यात गेले तेव्हा त्यानं माळ्यावरच्या फळ्या खाली काढल्या होत्या. मला त्या फळ्या ओळखू येतात. आमच्याकडे प्रत्येक जुना सुतार आपल्या शवपेटीच्या फळ्या वेळेवर निवडून, माप टाकून, माळ्यावर वाळायला ठेवतो. उगाच मागाहून कुणी ओल्या लाकडात घालू नये म्हणून. निकानोरच्या फळ्या आमच्या बापानं त्याला दिलेल्या ओंडक्यातल्या होत्या. तशा रुंद फळ्या आता मिळत नाहीत.

"त्या कशाला काढल्यास? बाजारातून आण ना."

"बाजारातलं ओलं आहे. ओलं लाकूड वाकतं. वाकलं की फट पडते. फट पडली की तुझी बाई बाहेर, आणि बाहेर पडली की कासिल्दाच्या पोराचा कोयता. तुला काय पाहिजे?"

"आणि तुझं काय?"

"मला घाई नाही," तो म्हणाला आणि रंधा मारायला लागला.

मी खाली वाकून भुसा गोळा करायला लागले. बोलले असते तर रडले असते, आणि निकानोरला रडणं आवडत नाही.

पेटी झाली ती बघायला अख्खी गल्ली लोटली. एक खिळा नाही, सगळे सांधे एकमेकांत बसवलेले. पुढून सरकणारी काच, वरून झाकण, पितळी कडी आणि कुलूप. वाळलेल्या फळ्यांना रंधा लागला आणि त्यांचा वास पुन्हा जागा झाला, सगळ्या घरात भरला. निकानोरनं आत मऊ अंथरूण म्हणून रंध्यातून निघालेली सेद्रोचीच ताजी कात्रणं वीतभर पसरली. ज्याला हात लावायची भीती वाटत होती त्या जनावरासाठी त्यानं ती हातानं चाळून, टोचतील असे तुकडे वेचून टाकले होते. दोन्या कासिल्दानं पेटीत नाक घातलं, डोळे मिटले.

"अगं बाई, यात मीच राहायला येते. सापाला ठेवा माझ्या घरात."

"तुम्हाला कुलूप लागेल," मी म्हणाले, आणि सगळे हसले, त्यासुद्धा हसल्या. मला वाटलं, सुटलो.

प्रुदेन्सिया आत गेली. दोन-तीन दिवस ती काचेला नाक लावून फिरत राहिली, मग फिरायची थांबली. उंदीर ठेवला, तिनं बघितला नाही. पाणीही तसंच. मग ती डोकं वर धरून बसायला लागली, हवेत उंच, तोंड थोडं उघडं. नाकपुडीशी बुडबुडे दिसायचे. लोक म्हणाले, रुसलीय. कोंडलं म्हणून रुसणारच. निकानोर रोज यायचा, काच पुसायचा, जुनी कात्रणं काढून ताजी टाकायचा. "वास गेला की तिला करमत नसेल," म्हणायचा. तो इतक्या मायेनं करत होता की मला काही सुचलंच नाही.

एका दुपारी मी पेटीकडे पाठ करून बैठक विणत होते. निकानोर मागे बसून कात्रणं बदलत होता. शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता, श्वास आत जाताना घरघर आणि बाहेर पडताना शिट्टी. लहानपणापासून तो आवाज मी ऐकते. मी न वळता म्हणाले, "निकानोर, जरा बाहेर जाऊन बस, तुझी छाती वाजतेय."

"मी नाही," तो म्हणाला. "ही वाजतेय."

मी वळले. प्रुदेन्सिया तोंड उघडून श्वास ओढत होती. तेवढ्यात निकानोरनंही श्वास घेतला, आणि त्याची छाती वाजली. दोन्ही आवाज एकच होते.

मी उठले, कुलूप काढलं, आणि तिला दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं. ती वजनदार आहे, पण त्या दिवशी मला वजन लागलं नाही. परसातल्या धुण्याच्या टाकीत, उघड्या हवेत नेऊन ठेवली.

निकानोर मागे धावत आला. "वेडी झालीस? जत्रा तोंडावर आलीय आणि तू तिला बाहेर काढतेस?"

"तुझी पेटी तिला मारतेय."

"माझी पेटी?"

"सेद्रो मारतंय. त्याचा वास."

तो लाल झाला. आमच्या गावात आईला शिवी दिलेली एक वेळ चालते, सेद्रोला नाही. "सेद्रोला नावं ठेवतेस? आपल्या बापानं सेद्रोवर आपल्याला वाढवलं. सेद्रोच्या कपाटाला कधी कसर लागली नाही, वाळवी लागली नाही!"

"तेच म्हणतेय मी! कसर का लागत नाही? वाळवी का लागत नाही? कारण आत गेलेला जीव जगत नाही. कपड्यांना चांगलं आहे ते, निकानोर. कपडे श्वास घेत नाहीत."

"बायकांची बडबड."

"मग घाल डोकं. घाल त्या पेटीत आणि झाकण लावू दे मला. तिनं किती दिवस काढले, तू जरा वेळ काढ."

निकानोर हट्टी आहे, आणि मी त्याचीच बहीण. त्यानं खरंच गुडघे टेकले, डोकं आत घातलं, आणि मी वरून झाकण ओढलं. तो बोलायला लागला, "हे बघ, काही होत..." आणि पुढचं खोकल्यात गेलं. तो असा खोकला की मी घाबरून झाकण उघडलं. तो बाहेर येऊन जमिनीवर बसला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बराच वेळ त्याला बोलता आलं नाही. मी पाणी आणलं. मला त्याचा रागही आला होता आणि कळवळाही, दोन्ही एकाच वेळी.

"माझ्या फळ्या," तो शेवटी म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही.

गुरांच्या डॉक्टरांनी येऊन प्रुदेन्सियाला सुई टोचली आणि तिला ऊब आणि मोकळी हवा हवी म्हणून सांगितलं. पण राहायला जागा? जत्रेचे मांडव चौकात उभे राहिले होते. विटांचं बांधावं तर चुना वाळायला वेळ नव्हता. मी परसात उभी राहून विचार करत होते आणि नजर कुंपणापलीकडे गेली. दोन्या कासिल्दाच्या अंगणात त्यांच्या नवऱ्याची होडी उपडी पडलेली होती, फायबरची, माझ्या पडवीएवढी लांब. नवरा गेल्यापासून तिच्याखाली कोंबड्या झोपायच्या. गुळगुळीत, बिनवासाची, पाणी न शोषणारी. मी निकानोरला बोट दाखवलं.

"प्लॅस्टिक?" तो म्हणाला. "प्लॅस्टिकला मी आजवर हात लावलेला नाही."

"सापालाही लावला नव्हतास. आता कात्रणं चाळतोस तिच्यासाठी."

कुंपणापाशी जाऊन मी बाईंना हाक मारली. होडी मागितली तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"त्या होडीतून माझा नवरा दर जत्रेला माउलीच्या मिरवणुकीमागे जायचा. नदीतून, फुलं लावून. त्यात तू साप घालणार?"

"तुमच्या देव्हाऱ्यातल्या तसबिरीत मरिया माउलीच्या पायाखाली साप आहेच की, दोन्या कासिल्दा."

"पायाखाली आहे. होडीत नाही." त्यांनी होडीकडे बघितलं. मग निकानोरकडे वळल्या. "ती लाल पेटी रिकामी झाली ना? माझा जत्रेचा पांढरा घागरा दरवर्षी कसरीनं खाल्लेला निघतो. पेटी मला द्या, होडी घ्या. आणि त्या होडीच्या कुलपाची एक किल्ली माझ्याकडे राहील. माझ्या कोंबड्या आहेत."

मी निकानोरकडे बघितलं नाही. फळ्या त्याच्या होत्या, बोलायचं त्यानं होतं.

"झाकणाला बिजागरी नवीन लावून देतो," तो म्हणाला. "घागरा दुमडू नका, उभा आत जाईल असं करतो."

मग आम्ही कामाला जुंपलो. होडी माझ्या पडवीत आणून सुलटी केली, घासली, आतून कोंबड्यांची घाण काढायला मला अख्खी सकाळ लागली. निकानोरनं काठाला अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बसवल्या. शिव्या देत होता, पण सांधे असे जुळवले की नख शिरेना. पेटीची सरकती काच काढून त्यानं तिथे फळी सरकवली आणि काच होडीच्या नव्या झाकणात बसवली, उरलेल्या भागावर लोखंडी जाळी. दोन्ही बाजूंना हवेसाठी भोकं पाडली, बोटापेक्षा बारीक. एका टोकाला पाणी ठेवलं. होडीच्या तळाला पाणी सोडायचं बूच असतंच, तेव्हा रोज बूच काढलं की पाणी बदलता येणार होतं. दुसऱ्या टोकाला नारळाचा काथ्या आणि वाळलेली पानं, मधे चढायला पेरूची जाड फांदी. फांदी आत घालण्याआधी निकानोरनं तिचा वास घेतला. मग माझ्याकडे दिली. मीही घेतला. मग आम्ही ती दोन्या कासिल्दांनाही हुंगायला लावली.

"तुम्हा दोघांना वेड लागलंय," त्या म्हणाल्या, पण हुंगली.

शेवटी मी वेताचा दोर वळला आणि होडीचं नाक पडवीसमोरच्या आंब्याच्या झाडाला बांधलं. निकानोरनं विचारलं, कशाला. मी म्हणाले, नदी चढली तर आमची खोली बुडेल, तिची तरंगेल. तो पुन्हा हसला आणि पुन्हा खोकला.

जत्रेच्या दिवशी कासिल्दाबाईंचा पोरगा कोयता न घेता आला. आईनं त्याला काच दाखवली, कुलूप दाखवलं, आणि कमरेची किल्ली सगळ्या पाहुण्यांना वाजवून दाखवली. चौकात बैल सुटले होते, पोरं ओरडत होती. कुणीतरी कुंपणावरून धडपडत माझ्या पडवीत पडलं आणि होडीतलं जनावर बघून उठून पळालं. प्रुदेन्सियानं डोकंही उचललं नाही. सकाळीच तिनं उंदीर घेतला होता, इतक्या दिवसांनी पहिला. तिचं तोंड बंद होतं. नाक कोरडं होतं. मला इतका आनंद झाला की मी काचेवर हात ठेवून उगाच बसून राहिले.

दुपारी मिरवणूक नदीवर गेली आणि गल्ली रिकामी झाली. निकानोर गेला नाही. त्यानं स्टूल ओढलं, होडीच्या भोकांना कान लावला, आणि ऐकत राहिला.

"काही वाजत नाही," तो म्हणाला. "गप्प आहे एकदम."

तो गप्प झाला तेव्हा पडवीत एकच शिट्टी उरली होती. आम्ही दोघांनीही ती ऐकली. तो माझ्याकडे बघेना.

मी उठले, खुंटीवरची सुतळी काढली, आणि त्याच्या टाळूवर टोक धरलं.

"हे काय करतेस?"

"सरळ बस. तुझी खाट इथे आणणार आहे, पडवीच्या त्या कोपऱ्यात. आजपासून माळ्यावर झोपायचं नाही. खाटेला नवी बैठक विणते लांब, वेताची."

"माझं माप कशाला घेतेस? माझं माप त्या फळ्यांवर होतंच की, आता घागऱ्याकडे गेलं."

"ते मेल्याचं माप. मला जिवंत माणसाचं पाहिजे. पाय लांब कर."

त्यानं तोंड वाकडं केलं, कुरकुर केली, एकदा डावीकडे वळला, एकदा उजवीकडे. प्रुदेन्सियानंसुद्धा इतका त्रास दिला नव्हता. पण शेवटी त्यानं पाय लांब केले, आणि मी त्याच्या टाचेपाशी गाठ मारली.